पडकं घर, उरलेले पैसे आणि नवऱ्याचं ‘तू म्हणशील तसं’

एका वाचक ताईंचं लांबलचक पत्र आलंय. ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा सारांश असा:

वय 41, शिक्षिका. नवरा कारखान्यात पाळ्यांमध्ये काम करतो, महिन्यातले निम्मे दिवस रात्रपाळी. घरात 11 वर्षांची मुलगी आणि गुडघ्यांनी त्रासलेल्या सासूबाई. आजवर भाड्याच्या जागेत दिवस काढले. आता एक छोटं जुनं घर विकाऊ निघालंय. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे नंतर कधीतरी बांधलेलं स्लॅबचं न्हाणीघर आणि थोडं अंगण. 8 वर्षं बंद आहे. छप्पर कौलारू, भिंती जाड विटांच्या. भिंतींना खालून कंबरेपर्यंत ओल आहे, न्हाणीघर जिथे जुन्या भिंतीला मिळतं तिथे उभी भेग आहे, मागच्या पडवीवर जुने सिमेंटचे पत्रे आहेत. साठवलेल्या पैशांतले दोन तृतीयांश किमतीत जातील, उरलेल्या एक तृतीयांशात दुरुस्ती करायची; कर्ज काढायचं नाही. “भिंती भक्कम आहेत. मधली भिंत काढली की मोकळं वाटेल. फरशीचा रंगही मी ठरवलाय, खिडकीखाली कट्टा करायचाय, अंगणात झाड लावायचंय. बरंचसं काम आम्ही स्वतःच करू, म्हणजे महिन्या-दीड महिन्यात राहायला जाता येईल.” दीर म्हणतात, पाडून नवं बांधा. विकणारी तीन भावंडं तीन आठवड्यांत इसार मागताहेत, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे म्हणतात. आणि नवरा? त्याला विचारलं की एकच उत्तर: ‘तू म्हणशील तसं.’ “मला या वाक्याचा फार राग येतो. घर घेऊ का? घेतलं तर सुरुवात कुठून करू?”

ताई,

तुमच्या पत्रात फरशीचा रंग आहे, कट्टा आहे, झाडही आहे. छपरावर चढून कोण पाहून आलं, हे मात्र कुठेच नाही. म्हणजे मनाने तुम्ही त्या घरात केव्हाच राहायला गेलात. त्यात गैर काही नाही. पडक्या भिंतींत ज्याला राहतं घर दिसत नाही त्याने या फंदात पडूच नये. पण इसार द्यायला तीन आठवडे आहेत, तेवढा वेळ मनाला जरा उंबऱ्याबाहेर उभं करा.

आधी पैसे, कारण तुमचा हिशोब तिथेच घसरतोय. तुमच्याकडे 100 आहेत असं धरू. त्यातले 66 किमतीत गेले. उरलेले 34 दुरुस्तीला, असं तुम्ही म्हणता. पण खरेदीची नोंदणी, सरकारी शुल्क, वकील, इंजिनिअरची पाहणी, सामानाची हलवाहलव, आणि काम संपेपर्यंत चालूच राहणारं आत्ताच्या घराचं भाडं? याचा आकडा ठिकाणागणिक बदलतो. आपण 7 धरू, आणि हे मी हात आखडूनच धरतेय. राहिले 27. जुन्या घराची भिंत उकरली की आतून काहीतरी निघतंच, म्हणून दुरुस्तीच्या पैशांतला चौथा हिस्सा न धरलेल्या कामांसाठी बाजूला ठेवावा. आणखी 7 गेले. हातात उरले 20. मनातलं 34चं काम 20मध्ये बसवायचंय. बसेलही, पण मग फरशी आणि कट्टा यादीत खूप खाली जातील.

“छोटंसं तर घर आहे” हे वाक्य तुमच्या पत्रात तीनदा आलंय. घर छोटं असलं तरी त्याला एक स्वयंपाकघर लागतं, एक न्हाणीघर लागतं, पाण्याची एक टाकी, विजेचा एक मुख्य बोर्ड, सांडपाण्याची एक लाइन लागते. मोठ्या घरालाही बहुतेक तेवढंच लागतं, फक्त त्याच्या जोडीला दोन-चार कोरड्या खोल्या असतात. आणि कोरडी खोली नीट करणं हेच सगळ्यात स्वस्त काम. लहान घरात महागड्या कामांची गर्दी जास्त, म्हणून दर चौरस फुटाला खर्चही जास्त येतो. घर लहान असण्याचा फायदा आहेच, पण तो पुढे मिळतो: छप्पर लहान, म्हणून दरवर्षीची देखभाल आवाक्यात राहते.

आता ओल. माझ्या मते तुमच्या सगळ्या पत्राचं उत्तर या एका प्रश्नात आहे: या घरात पाणी कुठून येतं आणि कुठे जातं? बंद घर म्हातारपणाने पडत नाही, पाण्याने पडतं. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला लाकडात साधारण 20 टक्क्यांहून जास्त ओलावा लागतो. त्याखाली ती वाढत नाही. वाळवीलाही ओलावा लागतो. विटांना लोणा ओलीमुळे येतो, सळईला गंज ओलीमुळे लागतो. पाण्याची वाट बंद झाली की निम्मे आजार आपोआप थांबतात, आणि ती बंद न करता लावलेला रंग पहिल्या दोन पावसांत पोपडे धरतो.

कंबरेपर्यंतची ओल जमिनीतून चढत असावी. विटांच्या आणि दरजांच्या बारीक छिद्रांतून पाणी वर ओढलं जातं, बहुधा मीटरभर चढतं, मग हवेत उडून जातं आणि सोबत आणलेले क्षार भिंतीत ठेवून जातं. तो पांढरा फुललेला पट्टा तुम्ही पाहिला असेलच. पण ‘असावी’ म्हणतेय, कारण तीच खूण इतर कारणांनीही दिसते. घराला बाहेरून एक फेरी मारा. बाहेरची जमीन आतल्या फरशीपेक्षा वर आली आहे का? बऱ्याच जुन्या घरांत वर्षानुवर्षं माती साचते, रस्ता वर येतो, आणि जोतं हळूहळू गाडलं जातं. मग जोत्याच्या वरच्या विटाच थेट मातीला टेकतात. छपराचं पाणी भिंतीच्या बुडाशी पडून शिंतोडे उडतात का? पन्हळ फुटलीय का? न्हाणीघराचं सांडपाणी नेमकं जातं कुठे? आत एक साधी परीक्षा करा. हातभर लांबी-रुंदीचा प्लास्टिकचा तुकडा चारही कडा चिकटपट्टीने बंद करून भिंतीवर लावा आणि दोन दिवसांनी पाहा. पाणी प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला जमलं असेल तर ते भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला जमलं असेल तर बंद घरातल्या दमट हवेतली वाफ थंड भिंतीपाशी पाणी होऊन जमतेय, आणि त्यावर पहिला इलाज खिडक्या उघडण्याचा.

उपाय कंटाळवाणे आणि स्वस्त आहेत, म्हणूनच कुणी सुचवत नाही. भिंतीलगतची माती उतरवून जोतं मोकळं करायचं. भिंतीपासून निदान दोन मीटरपर्यंत जमिनीला बाहेरच्या दिशेने उतार द्यायचा. मीटरला 5 सेंटिमीटर पुरे. पन्हळ दुरुस्त करून तिचं पाणी लांब सोडायचं. आणि थांबायचं. भिंतीत औषध टोचून ओल कायमची घालवतो म्हणणारे तुम्हाला भेटतीलच. पाणी येण्याचं कारण सापडेपर्यंत त्यांना चहा द्या, कामाची ऑर्डर देऊ नका.

आतून ‘वॉटरप्रूफ’ सिमेंटचा गिलावाही मारू नका. पोर्टलंड सिमेंटचं पेटंट जोसेफ ॲस्पडिन यांनी 1824 साली घेतलं, आणि ते गावोगावच्या गवंड्यांच्या हातात पोचायला पुढे बराच काळ गेला. त्यामुळे जुन्या जाड भिंती पुष्कळदा चुन्यात किंवा मातीत बांधलेल्या असतात. दरजेत खिळा फिरवून पाहा, सहज उकरला गेला तर तुमच्याही तशाच. अशी भिंत ओलावा घेते आणि सोडते. वरून सिमेंटचा घट्ट थर दिला की सोडायची वाट बंद होते. पाणी आतल्या आत आणखी वर चढतं आणि वर्षभरात सिमेंटच्या थराच्या वरच्या कडेला ओलीची नवी रेघ उमटते. चुन्याच्या भिंतीला चुन्याचाच गिलावा आणि चुन्याचीच सफेदी द्यावी. फरशीचंही तसंच आहे. ओल्या जमिनीवर चकचकीत, पाणी न शोषणाऱ्या टाइल्स टाकल्या की खालचा ओलावा वाट शोधत भिंतींकडे सरकतो. तुम्ही ठरवलेला रंग तसाच राहू दे, फरशी मात्र वर्षभर लांबवा.

वर्षभर का? भिंत वाळायला लागणाऱ्या वेळेचा बांधकामवाल्यांचा एक ढोबळ हिशोब आहे: पाणी यायचं थांबल्यावर इंचाला एक महिना. 14 इंची भिंतीला 14 महिने. तोवर राहता येत नाही असं नाही. सफेदी मारून, खिडक्या उघड्या ठेवून आरामात राहता येतं. पण ‘महिन्या-दीड महिन्यात सगळं होईल’ हे सासूबाईंना सांगून ठेवलं असेल तर आजच मागे घ्या.

भेगेचं बोलू. न्हाणीघर नंतर बांधलेलं, त्याचा पाया वेगळा आणि बहुधा उथळ. तो जुन्या घराच्या पायाइतका बसलेला नसतो, म्हणून सांध्यात भेग पडते. यात अघटित काही नाही. भेग पडली का, यापेक्षा ती अजून वाढतेय का, हे शोधायचंय. भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीने खुणा करून अंतर मोजा, तारीख लिहा. परवानगी मिळाली तर काचेची पातळ पट्टी भेगेवर आडवी ठेवून दोन्ही टोकं पक्की चिकटवा. भिंत हलली की काच तडकते. तीन आठवड्यांत सगळं कळणार नाही, कारण चिकणमातीची जमीन ओली झाली की फुगते, वाळली की आकसते, आणि भेग ऋतूप्रमाणे मिटते-उघडते. पण काही तर कळेल. वर रुंद आणि खाली बारीक होत गेलेली भेग म्हणजे न्हाणीघर बाहेरच्या बाजूला कलतंय. रुंदी 5 मिलिमीटरच्या पुढे असेल, आरपार उजेड दिसत असेल किंवा खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी पायऱ्या-पायऱ्यांची भेग निघाली असेल तर इंजिनिअरने पाहिल्याशिवाय एक पैसाही देऊ नका. आणि त्या सांध्याजवळचा सांडपाण्याचा पाइप आधी तपासा. फुटका पाइप पायाखालची माती वाहून नेतो. पुष्कळदा खचण्याचं कारण एवढंच असतं.

न्हाणीघराच्या स्लॅबला खालून पाहा. तपकिरी रेघा, फुगवटे, ठोकल्यावर पोकळ आवाज असेल तर आत सळई गंजतेय. गंजलेलं लोखंड मूळच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा घेतं आणि आतून काँक्रीट फोडून काढतं. इंजिनिअर ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थेलीनचं द्रावण टाकून पाहतात. गुलाबी रंग आला तर काँक्रीट अजून सळईला सांभाळतंय. रंग आलाच नाही तर ते संरक्षण संपलंय. सगळ्या घरात मला या न्हाणीघराचीच खरी भीती वाटते. जुना भाग बहुधा तुम्हाला साथ देईल. हा मागाहून जोडलेला तुकडा मात्र पाडून नव्याने बांधावा लागेल असं धरून चला आणि त्या 20मधला मोठा वाटा तिकडे ठेवा. सासूबाईंच्या गुडघ्यांना मग तिथे पायरी नसलेला, आधाराला दांडी असलेला संडास मिळेल, जो आत्ताच्या रचनेत मिळत नाही.

छप्पर. एक सुतार आणि एक जाडजूड स्क्रूड्रायव्हर घेऊन जा. वासे मधोमध चांगलेच दिसतात. त्यांची भिंतीत शिरलेली टोकं तपासायची असतात, कारण लाकूड ओल्या विटांना तिथे टेकतं. टोकाला स्क्रूड्रायव्हर सहज रुतला तर तेवढा वासा गेला. भिंतीवरून चढलेल्या मातीच्या नळ्या म्हणजे वाळवी. लाकडाखाली पडलेली ताजी बारीक भुकटी म्हणजे भुंगेरे. 8 वर्षांत कुठलं तरी एक कौल सरकलेलं असणारच, आणि त्या एका जागेखाली किती नुकसान झालं यावरून घराची किंमत ठरवा. चार-सहा वाशांची टोकं बदलणं म्हणजे सामान्य सुतारकाम. आढंच वाकलं असेल तर मात्र गोष्ट वेगळी. शक्य असेल तर धो-धो पाऊस चालू असताना घर पाहून या. त्या तासाभरात जे दिसतं ते कोणत्याही अहवालात येत नाही.

पडवीवरचे सिमेंटचे पत्रे जुने असतील तर त्यांत ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता बरीच आहे. अखंड पत्रा नुसता पडून असताना फारसा त्रास देत नाही. तो फोडला, कापला, भोकं पाडली की सूक्ष्म तंतू हवेत उडतात आणि फुप्फुसात जाऊन बसतात. त्यातून होणारा कर्करोग कित्येकदा काही दशकांनी वर येतो. हातोड्याने पाडणारा मजूर स्वस्तात मिळेल, त्याला हात लावू देऊ नका. हे काम येणाऱ्यांकडून, ओले करून, अखंड उतरवून घ्या. दारं-खिडक्यांवरच्या जुन्या रंगाचंही असंच. त्यात शिसं असू शकतं. अमेरिकेने घरगुती रंगांतलं शिसं 1978 साली बंद केलं, अनेक देशांनी त्याहून उशिरा. मुलांच्या रक्तात शिशाची कुठलीही सुरक्षित पातळी नाही. म्हणून कोरडा रंग पॉलिशपेपरने घासायचा नाही. ओला करून खरवडायचा, भुकटी ओल्या फडक्याने पुसायची, आणि ते चालू असताना मुलीला मैत्रिणीकडे पाठवायचं.

इथे ‘आम्ही स्वतःच करू’ हा मुद्दा येतो. मला तुमचा उत्साह मोडायचा नाही. माती उतरवणं, साफसफाई, सफेदी, दारांना तेलपाणी, अंगण, ही कामं तुमची. आणि करताना घराशी ओळख होते ती पैसे देऊन होत नाही. वीज, छप्पर, सांडपाण्याचा उतार आणि पायाजवळचं खोदकाम ही तुमची नाहीत. विजेची जुनी तार तर पूर्णच काढा. 8 वर्षांत उंदरांनी ती कुरतडलेली असेल, अर्थिंग बहुधा नसेलच. नव्या बोर्डात 30 मिलिअँपिअरची गळती झाली की वीज आपोआप तोडणारा स्विच, म्हणजे आरसीसीबी, बसवायला सांगा, ओल्या भिंतींच्या घरात तो चैनीचा भाग नाही. पाण्याचे जुने लोखंडी पाइप आतून गंजून अरुंद झालेले असतात, तेही याच वेळी बदला. आणि भिंती बुजवण्याआधी प्रत्येक पाइपचा, प्रत्येक तारेचा मोजायची टेप शेजारी धरून फोटो काढून ठेवा. दोन वर्षांनी खिळा ठोकताना मला दुवा द्याल.

मधली भिंत काढायची घाई नको. जाड विटांच्या घरात भिंतीच छप्पर पेलतात; ती मधली भिंत बहुधा आढ्याखालीच असेल. काढायची तर तुळई, तुळईखाली खांब, खांबांखाली पाया, म्हणजे त्या 20मधले किती जातील कोण जाणे. एक वर्ष त्या भिंतीसकट राहा. उजेड कुठून येतो, कोण कुठे बसतं, दुपारी कुठली खोली तापते हे कळू द्या. पुष्कळांना मग दार रुंद करून भागतं.

दिरांचं ‘पाडून नवं बांधा’ हे मूर्खपणाचं नाही. वाशांची टोकं आणि पाया दोन्ही गेले असतील तर तेच खरं. पण पाडण्याआधी स्थानिक बांधकाम खात्यात विचारा. आज सीमेपासून जेवढी जागा सोडावी लागते तेवढी जुन्या घराने सोडलेली नसते, आणि अनेक ठिकाणी जुनं उभं असेपर्यंत ते चालतं. पाडलं की नवे नियम लागू होतात, आणि छोट्या जागेत नवं घर जुन्याहून लहान होतं. दुरुस्तीलाही काही ठिकाणी परवानगी लागते, तेही त्याच फेरीत विचारून घ्या.

विकणाऱ्यांबद्दल थोडक्यात. 8 वर्षं ज्या घराकडे कुणी फिरकलं नाही त्याला एकाच महिन्यात दोन गिऱ्हाइकं आली, हे शक्य आहे. मी फक्त भुवई उंचावते. तिन्ही भावंडांची नावं मालकीच्या कागदावर आहेत का, तिघंही सही करणार का, कुणी लांब असेल तर रीतसर मुखत्यारपत्र आहे का, थकलेला कर आणि वीजबिल कोण भरणार, सांडपाणी शेजाऱ्याच्या जागेतून जात असेल तर तो हक्क लेखी आहे का, हे तुमचा वकील पाहील. तुमचा, त्यांचा नव्हे. इंजिनिअरही तुम्ही पैसे दिलेला हवा, ठेकेदाराने सुचवलेला नको. पाहणी इसाराआधी व्हावी. त्यांना घाईच असेल तर इसार छोटा द्या आणि कागदावर लिहून घ्या की पाहणीत गंभीर दोष निघाला किंवा मालकीत खोट निघाली तर तो परत मिळेल. याला नाही म्हणणाऱ्याकडे लपवण्यासारखं काही आहे असं समजायला हरकत नाही.

आता ते वाक्य, ज्याचा तुम्हाला राग येतो. तुम्ही त्याला संमती समजताय की बेफिकिरी, हे पत्रावरून मला कळलं नाही. तुम्हालाही कळलेलं नसावं. माझा अंदाज तिसराच आहे. महिन्यातले पंधरा दिवस रात्रपाळी करणारा माणूस दिवसा झोपतो. तुमच्या बेतात तो दिवसा ठोकाठोक, धूळ आणि गवंड्यांच्या मध्ये आहे, आणि उरलेल्या वेळात त्याने माती उपसायची आहे. हे त्याला दिसत असेल आणि तुमचा चेहरा पाहून बोलवत नसेल. ‘घर हवं का?’ या प्रश्नाला ‘नको’ म्हणणारा तोच वाईट ठरतो, म्हणून माणसं ‘तू म्हणशील तसं’ म्हणतात.

प्रश्न बदलून पाहा. काम चालू असताना तू दिवसा कुठे झोपशील? महिन्यातले किती रविवार तू या घराला देऊ शकशील, आणि किती स्वतःला हवेत? आणि किती पैसे खर्च झाल्यावर तू म्हणशील की आता पुरे, आहे तसं राहू? या तिन्हींना ‘तू म्हणशील तसं’ हे उत्तर बसत नाही. पहिल्याचं उत्तर बहुधा असं निघेल की छप्पर, वीज आणि न्हाणीघर होईपर्यंत भाड्याचं घर सोडायचं नाही, म्हणजे भाड्याचे आणखी काही महिने त्या 7मध्ये घाला. दुसऱ्यातून मजुरीचा खरा आकडा निघेल, कारण तुम्ही ज्या हातांचे पैसे वाचवताय त्यातले निम्मे त्याचे आहेत. तिसऱ्याचं उत्तर कागदावर लिहून दोघांनी जपून ठेवा. तो म्हणाला, ‘मला हे नकोच आहे’, तर ते तीन आठवड्यांनंतर कळण्यापेक्षा आज कळलेलं चांगलं.

घेतलंत तर क्रम हा ठेवा: आधी छप्पर, पन्हळ आणि घराभोवतीचा उतार, मग सांडपाणी आणि न्हाणीघर, मग वाळवीचा बंदोबस्त, मग वीज आणि पाणी, त्यानंतर गिलावा, आणि शेवटी, कदाचित पुढच्या वर्षी, फरशी आणि रंग. ठेकेदाराकडून एकरकमी आकडा घेऊ नका, प्रत्येक कामाचं मोजमाप आणि दर वेगळा लिहून घ्या. पैसे तारखेप्रमाणे न देता टप्पा पुरा झाल्यावर द्या. छपराच्या बिलातले 10 टक्के पहिला जोराचा पाऊस होऊन जाईपर्यंत हातात ठेवा, आणि हे काम सुरू होण्याआधीच सांगा.

तुम्ही सरळ विचारलंत, घेऊ का, म्हणून सरळ सांगते. वाशांची टोकं बहुतेक शाबूत निघाली, पाया आणि भेग पाहून इंजिनिअरने ‘स्थिर आहे’ असं लेखी दिलं, तिघं भावंडं सहीला तयार झाली आणि नवऱ्याने त्या तीन प्रश्नांची खरी उत्तरं दिली, तर मी घेईन. न्हाणीघर पाडून बांधावं लागेल हे अंदाजपत्रकासह दाखवून तेवढी किंमत कमी करून मागा. 66चे 60 झाले तर तुमचं सगळं गणित सुटसुटीत होतं. चारपैकी एकही अट अडली आणि तरी भावंडं म्हणाली ‘उद्याच द्या’, तर त्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला शुभेच्छा देऊन बाहेर पडा.